मिठाची मूठ

८ जुलै, मंगळवार

तिरुवैयारूहून परत आले ती डोक्यात राख घालूनच. बसमध्ये गायत्रीशी एक शब्द बोलले नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मी पुढच्या माणसाच्या टकलाकडे.

झाले असे. श्राद्धाचा स्वयंपाक उरकत आला होता, पाने मांडायची वेळ झाली होती. गायत्रीने तुपाची बरणी उघडली, लगेच झाकण लावले आणि यजमानीणबाईंना हळूच म्हणाली, "हें तूप नक्को अम्मा. खवट झालें. दुसरें आणवा." मी बरणी घेऊन नाकाशी धरली. काहीही खवट नव्हते. तसे सांगितले, तर बाई माझ्याकडे न बघता नवऱ्याला दुकानात पिटाळून मोकळ्या. त्र्याहत्तर वर्षांचे नाक खोटे आणि कालपरवाचे खरे!

गायत्री माझ्या बहिणीची सून. मी मुख्य, ती हाताखाली. तंजावूर, पापनाशम, कुंभकोणमपर्यंत आमच्या मराठी घरांत श्राद्ध असले की मला बोलावणे येते. सोवळ्यातला स्वयंपाक. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत त्यातला थेंब कोणाच्या जिभेला लागता कामा नये. त्यातून हिंग नाही, लाल मिरची नाही, म्हणजे चुकलेले मीठ लपायला जागाच नाही. पानात वेगळे मीठ वाढायचे नाही. जेवणारे मौन धरून जेवतात. खारट असले तर खारट गिळतात, अळणी असले तर अळणी. म्हणून मीठ मुठीने मोजायचे आणि वासाने ताडायचे. सार उकळत असताना मीठ पुरेसे झाले की वास बदलतो. सासूबाईंनी मला हे चुलीपाशी उभे करून शिकवले. मी अजून कोणाला शिकवलेले नाही.

ही बाळबोध अक्षरे वडिलांनी शिकवली. गायत्रीला तमिळ वाचता येते, हे नाही. तेव्हा मनातले लिहायला हरकत नाही. मनात एवढेच आहे की पोरीला शिंगे फुटली आहेत.

१३ जुलै, रविवार

कार्तिकेय चेन्नईहून आला होता. आईला भेटायला आलो म्हणाला, पण खरे कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. मला मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. मेंदूची परीक्षा! बाईंनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले. घड्याळाचे चित्र काढायला लावले. शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी सगळे चोख केले. वर त्यांना ऐकवले की कोणत्या घरी केळफूल चालत नाही, कोणाकडे सारात मूगडाळ लागते आणि कोणाकडे तूर, कोणाच्या पणजोबांना कारले आवडायचे म्हणून ते आजही होते. बाई हसून म्हणाल्या, "पाटी," म्हणजे आजी, "एवढी आठवण माझीसुद्धा नाही." तसा कागदही दिला. गुडघे बोलतात, पाठ दुखते, ते वयाचे. बाकी उत्तम.

कार्तिकेयचे तोंड एवढेसे झाले. रिक्षात म्हणाला, "आई, आतां पुरे. मजबरोबर ये. फ्लॅटमध्यें लिफ्ट आहे."

"लिफ्टनें वर जाऊन काय करूं?"

"आराम कर."

त्याचा आराम मला ठाऊक आहे. दिवसभर सोफ्यावर बसायचे, संध्याकाळी हरिणी शाळेतून येणार, मी मराठीत विचारणार आणि नात तमिळमध्ये उत्तर देऊन मोबाइलमध्ये डोके घालणार. तिचे प्रेम आहे, मुलाचेही आहे. पण हात रिकामे झाले तर मी मरेन. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, असें बोलूं नकोस. मी म्हटले, मग असें विचारूं नकोस.

१७ जुलै, गुरुवार

वेंकटराव येऊन गेले. बँकेतून निवृत्त झालेले, चौसष्टीतले, शर्टाची घडी न मोडणारे गृहस्थ. त्यांच्या आईचे, विजयलक्ष्मीअम्मांचे, वर्षश्राद्ध १४ ऑगस्टला आहे. त्या घरी मी चाळीस वर्षे राबले. विजयलक्ष्मीअम्मा स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून असायच्या. कधी एका शब्दाने टोकले नाही, फक्त शेवटी म्हणायच्या, "चंद्रमती, आज जेवलें." जाण्यापूर्वी त्यांनीच मुलाला सांगून ठेवले होते की माझ्या वर्षाला चंद्रमतीच्या हातचेच झाले पाहिजे.

वेंकटरावांनी कॉफी अर्धी ठेवली. "अक्का, राग मानूं नका. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"कोठें खारट झालें, कोठें अळणी. मज खरें वाटलें नाहीं. पण आमचे भाऊबंद म्हणतात, कुंभकोणमचा काँट्रॅक्टर आणूं. अम्मांचा शब्द आहे म्हणून मी तुम्हांकडे आलों. त्या दिवशीं कांहीं झालें, तर मग मज कोणास सांगतां यायचें नाहीं."

दोन घरी बोलणे झाले हे मला माहीत आहे. दोन्ही वेळा गायत्री माहेरी गेली होती आणि सगळा भार माझ्या एकटीवर पडला होता, एवढेच. पण वेंकटरावांच्या तोंडून ऐकले आणि माझा तोल गेला. म्हटले, "अम्मांच्या पानांत मीठ चुकलें, तर पुन्हां मी चुलीपाशीं उभी राहाणार नाहीं. चेन्नईस जाऊन बसेन."

ते "अय्यो, तसें नक्को" म्हणाले. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

२१ जुलै, सोमवार

जेवणात राम नाही. आवळ्याचे लोणचे पूर्वी जिभेवर ठेवले की मेथी वेगळी, हिंग वेगळा, मोहरी वेगळी कळायची. आता नुसते खारट आणि आंबट. ताकभात म्हणजे ओला कापूस. जिरे कुटले तर भुसा कुटल्यासारखे वाटते. हल्ली सगळ्यातच भेसळ. माणसांतसुद्धा.

२४ जुलै, गुरुवार, आषाढी अमावस्या

पापनाशम. हात अजून रागाने शिवशिवत आहेत, म्हणून पाय धुऊन आधी लिहायला बसले.

आडीचा, म्हणजे आषाढातला, वारा सुटला होता. शेड मागच्या अंगणात, तीन बाजूंनी पत्रे आणि खिडक्या. ज्योत हलू नये म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि सामान काढले. गायत्री विहिरीवर भांडी घासत होती. देवाचे नाव घेऊन काडेपेटी उघडली. पहिली ज्योत लावायचा मान मुख्य स्वयंपाकिणीचा, सासूबाईंच्या मागून तो माझा. काडी ओढणार इतक्यात गायत्री ओल्या पायांनी धावत आत आली आणि माझ्या हातावर फटका मारला. पेटी उडून ओल्या फरशीवर पडली.

"लावूं नका! लावूं नका!" म्हणून ओरडली. सिलिंडर बंद केला, खिडक्या धाडधाड उघडल्या, घरातल्या सगळ्यांना, यजमानांच्या म्हाताऱ्या वडिलांनासुद्धा, अंगणात काढले. वर खोकत होती. म्हणे गॅसचा वास भरला आहे. मी त्याच शेडमध्ये कधीची उभी होते, मला नाही आला! घरचे लोकही मग एकामागून एक "हो हो, केवढा वास" म्हणायला लागले. एकाने कोल्हेकुई केली की सगळे सुरू होतात.

रबरी नळी बदलून आणली, मगच चूल पेटली. आणि पेटवली कोणी? गायत्रीने. मला विचारलेसुद्धा नाही. दोन काड्या वाया घालवल्या. मला एकच पुरली असती.

आता कळले तिला काय हवे आहे. आधी तूप, मग चूल, उद्या कालथा.

२९ जुलै, मंगळवार

जे व्हायला नको ते डोळ्यांनी पाहिले.

दक्षिण वीथीतल्या एका घरी श्राद्ध होते. मी हात धुवायला मागे गेले. धुण्याच्या दगडाच्या आड गायत्री उभी होती, हातात पळी. पळीतले सार तिने तळहातावर ओतले आणि चाटले. मग खळखळून चूळ भरली, हात धुतले, पदर सावरला आणि आत जाऊन सारात तपेलीभर उकळते पाणी ओतले. अगदी सरावाने. पहिल्यांदा करणारी बाई इकडेतिकडे बघते. हिने बघितले नाही.

नैवेद्य व्हायचा आहे, पिंड व्हायचे आहेत आणि अन्न उष्टे झाले. ओरडले असते तर त्या घरचे श्राद्ध तिथेच मोडले असते. ओरडले नाही. पाने वाढली गेली, ब्राह्मण जेवून उठले. गप्प राहिल्याचे पाप माझ्याही माथी आले.

रस्त्यावर आल्यावर म्हटले, "उद्यांपासून येऊं नकोस."

तिने काय, कां, काही विचारले नाही. थोडे चालल्यावर म्हणाली, "मावशी, चौदा तारखेस कोण?"

"मी आहें. मी एकटी पुरे."

३० जुलै, बुधवार

सुंठीवाचून खोकला गेला.

मोठे पातेले माळ्यावरून एकटीने उतरवले. पाठीत उसण भरली आहे. भरू दे.

४ ऑगस्ट, सोमवार

हे कसे लिहू?

सकाळी बाजारात, नेहमीच्या मसाल्याच्या दुकानात गेले. चौदा तारखेसाठी मिरी-जिरे घ्यायचे होते आणि आधीच्या जिऱ्याबद्दल झाडायचेही होते. दुकानदार चेट्टियार माझ्या ओळखीचे, त्यांच्या वडिलांपासून. म्हटले, तुमच्या जिऱ्याला वास नाही, मिऱ्यांना नाही, घरी नेलेल्या हिंगालाही नाही. ते नम्रपणे म्हणाले, "अम्मा, तोच माल आहे. सगळे नेतात." मी म्हटले, नाचता येईना अंगण वाकडे. मराठी म्हण तमिळमध्ये समजावून सांगितली, तेव्हा दुकानातली माणसे हसली.

चेट्टियार हसले नाहीत. त्यांनी नव्या पेरुंगायमचा, म्हणजे हिंगाचा, खडा काढला, पाकीट माझ्यासमोर फोडले, वजनाने खडा ठेचला आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. "आता बघा."

मी वाकले आणि वास घेतला.

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने पदर नाकाला लावला. तिच्या कडेवरच्या पोराने तोंड फिरवले. तराजूपाशी बसलेला म्हातारा शिंकला, परत शिंकला. सगळे एक एक पाऊल मागे सरकले. आणि मी त्या हातावर नाक टेकवून उभी होते आणि माझ्या नाकात काही नव्हते. हवा होती नुसती.

चेट्टियार माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी खडा कागदात बांधला आणि अगदी हळू म्हणाले, "घेऊन जा अम्मा. चांगला आहे."

मी "चांगला आहे" म्हटले. घरी कशी आले ते आठवत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कापूर. काही नाही. मोगऱ्याचा गजरा, काही नाही. रॉकेलची जुनी बाटली, काही नाही. दूध मुद्दाम उतू घालवून जाळले. धूर डोळ्यांना झोंबला, नाकाला कळले नाही.

पापनाशमची काडी मी ओढली असती. शेडमध्ये मी होते, विहिरीवर गायत्री, ओसरीवर ते म्हातारे वडील. मी काडी ओढणारच होते.

बसून राहिले. आज फार भीती वाटली.

७ ऑगस्ट, गुरुवार

गायत्रीच्या घरी गेले. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचा नवरा कल्याणराम, माझा भाचा, मला बघताच "या मावशी" म्हणून चप्पल घालून बाहेर निघून गेला. शहाणा आहे.

गायत्रीने पाट दिला, पाणी दिले. मी काय सांगायचे ते सांगितले. ती रडेल असे वाटले होते. ती चिडली.

"वर्ष झालें, मावशी. वर्षभर मी चाखत आलें."

"वर्षभर!"

"पहिल्यानें कुंभकोणमास. भाजींत मीठ दोनदां पडलें होतें तुम्हांकडून. मज दिसलें. मी सांगितलें तर तुम्ही म्हणालां, मज शिकवूं नकोस. तूप सांगितलें, ऐकिलें नाहीं. गॅस सांगितला, ऐकिलें नाहीं. मग काय करूं?"

"पितरांना उष्टें वाढलेंस, पोरी. सगळ्या गांवाच्या."

"मग खारट वाढूं? ब्राह्मण गिळतील, बोलायचे नाहींत. पण उठल्यावर बोलतील. तुमचें नांव जाईल. दोन्हीं मज होईनात. एक धरिलें."

तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले. माझ्याही. या वर्षात कितीतरी घरी मी ताठ मानेने बिदागी घेतली आणि पाठीमागे ही पोर धुण्याच्या दगडाआड उभी राहून माझे पाप आपल्या जिभेवर घेत होती. आणि मी तिला घालवून दिले. कोणाच्या पितरांची क्षमा मागू आणि कशी मागू, कळत नाही.

मात्र मीठ दोनदा पडले हे मला पटलेले नाही. नाक गेले, मान्य. डोके गेलेले नाही. डॉक्टरीणबाईंचा कागद आहे. तिच्या बघण्यात चूक झाली असेल.

शेवटी म्हटले, "चौदा तारखेस ये. पण चाखायचें नाहीं. विजयलक्ष्मीअम्मांना उष्टें जाणार नाहीं."

"मग मीठ कसें कळायचें?"

"वासानें. मी शिकवीन."

तिने माझ्यापुढचा पेला उचलून ठेवला. मग म्हणाली, "येतें. पण त्या दिवशीं मी सांगेन तें ऐकायचें. नाहीं तर आतांच सांगा, मी येत नाहीं."

हाताखालची बाई मला अट घालते आहे. मी हो म्हटले.

१० ऑगस्ट, रविवार

तीन दिवस माझ्या घरी सार शिजते आहे. एका पातेल्यात मीठ, एकात नाही, एकात अर्धे. गायत्री डोळे मिटून वाकते, मी विचारते.

जे स्वतःला येत नाही ते दुसऱ्याला शिकवायचे म्हणजे आंधळ्याने रस्ता सांगायचा. पण रस्ता मला पाठ आहे. तिला म्हटले, मीठ नसले की मिरी एकीकडे, डाळ एकीकडे, सासू-सुनांसारखी वेगवेगळी नाकात येतात. मीठ पडले की त्यांचे भांडण मिटते, वास एक होतो आणि खाली बसतो. ती पहिल्या दिवशी म्हणाली, मज सगळें सारखेंच. काल म्हणाली, हें टोचतें, हें टोचत नाहीं. मी पाटावरून उठलेच! टोचणे, अगदी तोच शब्द. सासूबाई तोच वापरायच्या.

आज चार वेळा बरोबर सांगितले, एकदा चुकली. मीठ असलेल्या साराला नाही म्हणाली. त्या दिवशी अशी चुकली तर?

माझे एवढे वय झाले, हे तिला दहा वर्षांपूर्वी शिकवायला काय झाले होते? मान जपत बसले.

१३ ऑगस्ट, बुधवार

वेंकटरावांना नाकाचे सांगायला गेले. त्यांनी पाणी दिले. पाणी पिऊन परत आले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सगळे झाले. ओळीने लिहिते.

पहाटे नाहून, ओलेत्याने, दोघी वेंकटरावांच्या घरी गेलो. भाऊबंद ओसरीवर बसले होते आणि आमच्याकडे असे बघत होते जसे परीक्षेच्या दालनात बघतात. शेगडी, नळी, सिलिंडर सगळे आधी गायत्रीने हुंगून पाहिले आणि मग मान हलवली. मी बाजूला झाले, तिने पेटवले.

हात मात्र माझे चालले. भात, दोन भाज्या, कोशिंबीर, वडे, खीर. पाठीत कळ होती, पण हातांना काय कुठे किती ते ठाऊक आहे. प्रत्येक पातेल्यावर गायत्री वाकायची, मी तिच्या तोंडाकडे बघायची. "टोचतें?" "नाहीं." की पुढे. असे एक एक पार पडले.

सार शेवटी. डाळीचे पाणी उकळले, मिरी-जिरे पडले. मिठाच्या मडक्यात हात घातला, मूठ भरली. एवढ्यात दाराशी वेंकटराव आले. आत पाऊल न टाकता उभे राहिले. त्यांची आई जिथे पाटावर बसायची तिथेच. म्हणाले, "अक्का, शास्त्री आले. अम्मा असत्या तर आतां म्हणाल्या असत्या, चंद्रमतीस घाई करूं नका." आणि उपरण्याने डोळे पुसले. मलाही भरून आले. दोन शब्द बोलले, काय ते आता सांगता यायचे नाही. ते गेले. मी हात धुतले, पळी घेतली, ढवळू लागले.

गायत्री वाकली. परत वाकली.

"मावशी, मीठ नाहीं."

"घातलें."

"टोचतें आहे."

"अगो, मी आत्तां घातलें. मूठ उघडली मी. वेंकटराव यायच्या आधीं."

"मज दिसलें नाहीं."

"तूं वडे तळत होतीस!"

बाहेर शास्त्रींनी पाने मांडायला सांगितली. गायत्री तिसऱ्यांदा वाकली आणि उठली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "टोचतें आहे, मावशी," ती म्हणाली, पण आवाज खाली गेला होता.

मी त्या पातेल्याकडे बघत राहिले. मीठ पडलेले असेल आणि तिचे ऐकून परत घातले, तर विजयलक्ष्मीअम्मांच्या वर्षाचे सार समुद्राचे पाणी. पडलेले नसेल आणि घातले नाही, तर अळणी. एक थेंब जिभेवर ठेवला की कळले असते. पळी हातातच होती. पोरगी रविवारी एकदा चुकली होती, याच बाबतीत, मीठ असताना नाही म्हणाली होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे माझी मूठ उघडताना लख्ख दिसत होती, बोटांतून खडे पडताना दिसत होते. चाळीस वर्षे या घरी कधी चुकले नाही. एका बाजूला माझे डोके, एका बाजूला तिचे चार दिवसांचे नाक.

ती म्हणाली, "ऐकीन म्हणालां होतां."

पळी खाली ठेवली. म्हटले, "घाल. माझ्या मुठीएवढें. तुझ्या हातानें घाल."

तिने घातले. ढवळले. वाकली. आणि तिचा चेहरा सैल झाला. "बसला," म्हणाली, "वास बसला, मावशी." मला अर्थातच काही कळले नाही.

पाने वाढली गेली. आम्ही दाराआड उभ्या. मौनाने जेवण चालले. भाज्या झाल्या, सार वाढले गेले. तिघां ब्राह्मणांनी द्रोण तोंडाला लावले आणि मी गायत्रीचे मनगट धरले. कोणाचा चेहरा हलला नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही हाही नियमच. शेवटी वेंकटरावांनी हात जोडून विचारले, "तृप्ताः स्थ?" आणि तिघे म्हणाले, "तृप्ताः स्मः." ते तर म्हणतातच. विष वाढले तरी म्हणतील. त्यावरून काही कळायची सोय नाही.

पिंड झाले, घरचे जेवले. भाऊबंदांतल्या एकाने, कुंभकोणमवाल्याचे नाव काढणाऱ्यानेच, मला बघून मान तुकवली. वेंकटराव आत आले. "अक्का, जेवून जा. अम्मांसाठीं." दुसऱ्याच्या घरचे श्राद्धाचे अन्न मी कधी घेतलेले नाही, घरी येऊन ताकभात खाते. आज नाही म्हणवले नाही. दोन पाने मांडली, माझे आणि गायत्रीचे.

आधी सारच घेतले. ओंजळीत घेऊन प्याले. वास नव्हता, मिरीची धग तेवढी घशाला लागली. पण मिठाला नाक लागत नाही, जीभ पुरते. मीठ नेमके होते. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

गायत्री घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. "मावशी?"

"नेमकें आहे," मी म्हटले. "आज जेवलें."

ती हसली, डोळे पुसले आणि भुकेल्या पोरासारखी जेवायला लागली. मी भात कालवत राहिले. म्हणजे सारात मीठ एकदाच पडले होते आणि ते तिच्या हातचे होते. माझी मूठ उघडलेली, बोटांतून खडे खाली पडलेले, हे मला अजून दिसते आहे. आता हे लिहितानाही अगदी स्पष्ट दिसते आहे.